चौकात आलेली सरहद्द

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे एक शहर आहे. गालिच्यांची जागतिक राजधानी अशी बिरुदावली ते मिरवते. १९९० च्या दशकात तेथील गिरण्यांना स्वस्त हात हवे होते, तेव्हा मेक्सिकोतून येणाऱ्या मजुरांच्या कागदपत्रांची विचारपूस करण्याची निकड कोणालाही भासली नव्हती. त्याच डाल्टनमध्ये ५ मे २०२५ रोजी एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीची गाडी पोलिसांनी अडवली. लाल दिव्यावर मनाई असताना ती उजवीकडे वळली, हा तिच्यावरील आरोप. तिच्यापाशी राज्याचा वाहनपरवाना नव्हता, आणि तो मिळवण्याचा कायदेशीर मार्गच तिच्यासारखीला जॉर्जियात खुला नाही. चार वर्षांची असताना आईबापांबरोबर ती त्या देशात आली होती. पोलिसांनी तिला जिल्ह्याच्या तुरुंगात नेले आणि तेथून तिची रवानगी स्थलांतरितांसाठी असलेल्या स्टुअर्ट स्थानबद्धता केंद्रात झाली. काही आठवड्यांपूर्वी तिचा बापही असाच वाहतूक पोलिसाच्या हाती लागून त्याच केंद्रात पोहोचला होता.

पुढे पोलिसांनी पुन्हा तपासले तेव्हा मनाई मोडून वळलेली गाडी दुसरीच होती असे निष्पन्न झाले. पोलिसांनी चूक कबूल केली आणि आरोप मागे घेतले गेले. मुलगी मात्र त्यामुळे सुटली नाही. जामिनावर बाहेर येण्यास तिला आणखी काही दिवस लागले आणि हद्दपारीची टांगती तलवार कायम राहिली. अटकेचे कारण खोटे ठरले तरी अटकेचे परिणाम जसेच्या तसे उरतात, अशी ही व्यवस्था आहे. एका शिपायाच्या हलगर्जीपणाचा हा किस्सा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. शिपायाने योग्य गाडी अडवली असती तरी त्या गाडीतील माणसाचे जे झाले असते ते कमी अन्यायाचे ठरले नसते.

अमेरिकेत स्थलांतराचा कायदा करणे व राबवणे हे केंद्र सरकारचे काम. रस्त्यावरची पोलीस यंत्रणा मात्र शहराची, काउंटीची किंवा राज्याची. केंद्राच्या स्थलांतर खात्याची माणसे थोडी, तर शहराचा शिपाई प्रत्येक वळणावर उभा. वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक वाहनचालकांना अमेरिकेतील पोलीस थांबवतात. सामान्य नागरिकाचा आणि राज्याच्या दंडशक्तीचा संबंध सर्वाधिक येतो तो याच ठिकाणी. शिवाय तो देशच असा वसवला गेला आहे की मोठी शहरे सोडली तर कामावर जायला बस नाही, आगगाडी नाही. गिरणीत पाळीला वेळेवर हजर व्हायचे तर गाडी हाकलीच पाहिजे. एकोणीस राज्ये व राजधानीचा प्रदेश सोडल्यास, कागदपत्रे नसलेल्या माणसाला परवाना मिळत नाही. म्हणजे रोज सकाळी कामाला निघणे हाच अपराध होतो. गाडीचा मागचा दिवा बंद असण्याचा अवकाश, की विनापरवाना चालकाला ठाण्यावर नेले जाते. तेथे बोटांचे ठसे घेतले जातात आणि २००८ साली सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ योजनेमुळे ते ठसे गृहसुरक्षा खात्याच्या दप्तराशी ताडून पाहिले जातात. मग केंद्राकडून निरोप येतो की या इसमास आणखी ४८ तासांपर्यंत अडकवून ठेवा, आम्ही घ्यायला येतो. आरंभ वाहतूक नियमाने होतो आणि शेवट देशाबाहेर. या प्रवासात न्यायाधीशाची गाठ पडतेच असे नाही.

ही साखळी आपोआप तयार झालेली नाही. तिचे दोन मुख्य दुवे १९९६ या एकाच वर्षी घडले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्रेन खटल्यात एकमताने असा निर्णय दिला की, वाहतुकीचा नियम मोडला गेला असेल तर पोलिसाने गाडी अडवणे कायदेशीर आहे. त्याच्या मनात खरा हेतू कोणता होता हे न्यायालय पाहणार नाही. नियमांची संख्या एवढी की चार फर्लांग गाडी चालवून एकही न मोडणारा चालक विरळाच. तेव्हा कोणाला अडवायचे याची निवड व्यवहारात पोलिसाच्या मर्जीवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या स्थलांतर कायद्यावर सही केली, त्याने मूळ कायद्यात २८७ (जी) हे कलम घातले. त्यान्वये केंद्राशी करार करून स्थानिक पोलिसांना स्थलांतर अधिकाऱ्याचे अधिकार घेता येऊ लागले. क्लिंटन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. कष्टकऱ्यांचा पक्ष म्हणवणाऱ्यांनी हे दार उघडून ठेवले आणि पुढे कोणीही त्यातून आत यावे अशी सोय केली, हे त्या देशातील पुरोगाम्यांनी विसरता कामा नये.

या दारातून जे आत शिरले त्याचे सर्वांत उघड रूप ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत दिसले. तेथील निवडून आलेले शेरीफ जो अर्पायो यांनी २००७ साली असा करार केला आणि सुमारे १६० शिपायांना स्थलांतर कायद्याचे अधिकार मिळवून दिले. नाक्यावर रोजंदारीसाठी मजूर उभे राहतात तेथे आणि लॅटिनो वस्त्यांतून पोलिसांच्या झुंडी फिरू लागल्या. गुन्हेगारीला आळा घालण्याची मोहीम असे तिचे नाव होते. फुटलेली काच, उशिरा दिलेला इशारा, काहीही निमित्त पुरे. २००७ च्या सप्टेंबरात अशाच एका गाडीत एक मेक्सिकन प्रवासी बसला होता. त्याच्यापाशी वैध व्हिसा होता. गाडी हाकणारा गौरवर्णी चालक दंडपावतीही न घेता सुटला. प्रवासी कित्येक तास कोठडीत राहिला. त्यातून उभा राहिलेला खटला सहा वर्षे चालला. मे २०१३ मध्ये न्यायाधीश मरे स्नो यांनी निकाल दिला की शेरीफचे खाते वंश पाहून माणसे अडवत होते, आणि हे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. न्यायालयाने खात्यावर देखरेख बसवली. पूर्वीचा आदेश जाणूनबुजून धुडकावल्याबद्दल २०१७ च्या जुलैत अर्पायो दोषी ठरले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी देऊन टाकली. न्यायालयीन देखरेखीचा कोट्यवधी डॉलरांचा भार काउंटीच्या करदात्यांवर पडला, ज्यांत लॅटिनोही आले.

या अनुभवानंतर २०१२ साली ओबामा सरकारने रस्त्यावर अंमलबजावणी करणारा कराराचा प्रकार बंद केला. तुरुंगात ठसे व कागद तपासण्यापुरता तो शिल्लक ठेवला. हा फरक वाटतो तेवढा मोठा नव्हता. टेनेसी राज्यातील नॅशव्हिलजवळ २००८ साली एका गरोदर स्त्रीला विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल पकडण्यात आले, तेव्हा तेथील करार तुरुंगापुरताच होता. स्थलांतर खात्याची नोंद तिच्या नावावर चढली आणि प्रसूतिवेदना सुरू असताना तिचा पाय खाटेला साखळीने बांधलेला होता.

बंद झालेला प्रकार २० जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी पुन्हा सुरू करण्यात आला. त्या महिन्यात देशभर १३५ करार होते. सप्टेंबरात त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. फ्लॉरिडा व जॉर्जियासारख्या राज्यांनी कायदे करून शेरीफांना सहकार्य सक्तीचे केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षित शिपायांचे पगार व भत्ते केंद्र देईल, कामगिरी पाहून बक्षिसेही देईल असे जाहीर झाले. पोलिसाला माणसामागे इनाम मिळू लागले की तो कोणत्या वस्तीत अधिक वेळ गस्त घालील हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

यात चेहऱ्याचा प्रश्न येतोच. १९७५ साली ब्रिग्नोनी-पोन्से खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की केवळ मेक्सिकन दिसतो एवढ्यावरून कोणाची गाडी अडवता येणार नाही. पण अनेक कारणांपैकी एक म्हणून दिसणे विचारात घेता येईल. तेव्हा ही तडजोड वाटली. पन्नास वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, लॉस एंजेलिसमधील जिल्हा न्यायालयाने केंद्राच्या गस्ती पथकांना सांगितले की वंश, स्पॅनिश बोलणे, उभे राहण्याची जागा आणि कामाचा प्रकार एवढ्याच आधारावर माणसे धरू नका. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो मनाई हुकूम स्थगित केला. तो वाद केंद्राच्या पथकांविषयी होता, स्थानिक पोलिसांविषयी नव्हता, हे खरे. पण त्यातील संदेश रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक गणवेशधाऱ्यापर्यंत पोहोचला. मोटार धुणारा, बागेत गवत कापणारा, बांधकामावर विटा वाहणारा, हा त्याच्या कामावरूनच संशयित ठरू शकतो. वर्गाधिष्ठित कायदा म्हणजे काय याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कायदा तो कायदा, तो मोडणाऱ्याची कीव का करावी, असा प्रतिवाद होतो आणि तो प्रामाणिक माणसेही करतात. त्याला उत्तर दिले पाहिजे. चोरून सीमा ओलांडणे हा अमेरिकेच्या कायद्यात गुन्हा आहे; परंतु व्हिसाची मुदत संपल्यावर राहून गेलेल्या माणसाचे तेथे असणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, दिवाणी स्वरूपाचा नियमभंग आहे. ॲरिझोना राज्याने २०१० साली जो जाचक कायदा केला त्यातील चारपैकी तीन कलमे रद्द ठरवताना २०१२ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हद्दपारीस पात्र असलेल्या परक्याने देशात राहणे हा सामान्यतः गुन्हा ठरत नाही. दिवाणी नियमभंगासाठी फौजदारी पोलीस, फौजदारी तुरुंग आणि बेड्या वापरायच्या, पण फौजदारी आरोपीला मिळणारा सरकारी खर्चाने वकील मात्र द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे. खुनाच्या आरोपीला जो हक्क आहे तो लाल दिव्यावर वळल्याच्या चुकीच्या आरोपावरून धरलेल्या मुलीला नाही.

दुसरे उत्तर पोलिसांच्याच अनुभवातून येते. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९७९ साली विशेष आदेश क्रमांक ४० काढून आपल्या शिपायांना बजावले की केवळ कोणाचा दर्जा शोधण्यासाठी कारवाई सुरू करू नका. त्या वेळचे प्रमुख डॅरिल गेट्स हे काही मवाळ गृहस्थ नव्हते. कठोर पोलिसी खाक्यासाठीच ते पुढे बदनाम झाले. तरीही त्यांना एवढे कळत होते की साक्ष द्यायला येणारा माणूस हद्दपारीच्या भीतीने घरी बसला तर खुनी मोकळा सुटतो. मोठ्या शहरांच्या पोलीस प्रमुखांच्या संघटनेने २००६ साली हेच सांगितले. नवऱ्याचा मार खाणारी बाई, मजुरी बुडवलेला रोजंदार, लुटला गेलेला दुकानदार हे सारे पोलिसाला टाळू लागतात. त्यांच्याभोवतीची गुन्हेगारी वाढते ती यामुळे.

स्थानिक संस्थांनी केंद्राला नकार देण्याचा हक्कही तेथे जुना आहे. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही, ही भूमिका १८४२ च्या प्रिग खटल्यात मान्य झाली होती. त्यावर मात करण्यासाठीच दक्षिणेतील मालकांनी १८५० चा कठोर कायदा करून घेतला. आज शिकागो वा सॅन फ्रान्सिस्को ज्या निकालाचा आधार घेतात तो मात्र १९९७ चा प्रिंट्झ खटल्याचा आहे, आणि तो जिंकला होता बंदुकांवरील नियंत्रण नको असलेल्या शेरीफांनी. उजव्यांनी स्वतःसाठी बांधलेल्या तटाआड आता स्थलांतरितांचे मित्र उभे आहेत. इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.

परंतु या साऱ्या कायदेशीर खलात मूळ प्रश्न हरवू देता कामा नये. एवढी यंत्रणा उभारूनही कागदपत्रे नसलेले मजूर अमेरिकेच्या शेतांतून, कत्तलखान्यांतून, बांधकामांवरून नाहीसे व्हावेत अशी भांडवलदारांची इच्छा आहे काय? तशी चिन्हे नाहीत. त्यांना मजूर हवाच आहे, मात्र तो भ्यालेला हवा आहे. २००२ साली हॉफमन प्लास्टिक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, संघटना बांधल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या कामगाराजवळ कागदपत्रे नसतील तर त्याला बुडालेला पगार मागता येणार नाही. म्हणजे कायदा मोडणाऱ्या मालकाला त्या पगाराचा दंड नाही आणि संघटनेत जाणाऱ्याला नोकरी नाही. अशा कामगाराला कारखान्याबाहेर पहिल्या वळणावर पोलीस गाडी उभी दिसली की तो जादा कामाचा मोबदला मागेल, यंत्रावर बोट तुटले म्हणून तक्रार करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. वाहतूक पोलीस येथे मालकाचा बिनपगारी मुकादम होतो. आणि जे पकडले जातात त्यांच्यावरही नफा आहेच. डाल्टनची मुलगी ज्या स्टुअर्ट केंद्रात होती ते कोअरसिव्हिक ही खाजगी कंपनी चालवते. जुलै २०२५ च्या कायद्याने स्थानबद्धतेसाठी सुमारे ४५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि त्याच ऑगस्टपर्यंत स्थानबद्धांची संख्या ६० हजारांवर गेली. त्यांतील बहुसंख्य खाजगी कंपन्यांच्या कोंडवाड्यात होते.

येथे कामगार चळवळीनेही स्वतःच्या वहीची पाने उलटली पाहिजेत. शेतमजुरांचे थोर नेते सीझर चावेझ यांच्या संघटनेने १९७४ साली संपफोडे म्हणून आणल्या जाणाऱ्या मेक्सिकन मजुरांना रोखण्यासाठी ॲरिझोनाच्या सीमेवर स्वतःचा पहारा बसवला आणि अशा मजुरांची नावे सरकारी खात्याला कळवली. मालक संप मोडण्यासाठी त्यांना वापरत होते, ही गोष्ट खरी होती. पण उपाय चुकला. भुकेला माणूस शत्रू ठरला आणि त्याला आणणारा मालक नामानिराळा राहिला. अमेरिकेच्या मध्यवर्ती कामगार महासंघाने १९८६ साली मजुरांची कागदपत्रे तपासण्याची सक्ती मालकांवर करणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला होता. ती तपासणी मालकाच्या हाती संघटना मोडण्याचे हत्यार बनली, हे ओळखून भूमिका बदलायला त्याला फेब्रुवारी २००० उजाडावे लागले. चौदा वर्षे हा लहान काळ नव्हे. महाराष्ट्रातही परप्रांतीय मजुराने मजुरीचे दर पाडले अशी कुजबुज कामगारवस्तीत होते, आणि ती करणाऱ्याला केवळ संकुचित म्हणून झटकून टाकण्याने ती थांबत नाही. दर मालक पाडतो. हे पटवायचे तर दोघांना एकाच संघटनेत आणून किमान वेतनासाठी एकत्र झगडावे लागते, आणि त्या कामात चळवळ कमी पडली आहे हे कबूल केलेले बरे.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. हातापायांत बेड्या घालून त्यांना आणल्याचे कळताच देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. त्याच वर्षी तेथील महामार्गांवर मालमोटारी थांबवून चालकांच्या इंग्रजीची व कागदपत्रांची तपासणी सुरू झाली, तिचा फटका पंजाबी चालकांना बसला. त्याबद्दलही येथे हळहळ व्यक्त झाली. परंतु जून २०२५ मध्ये मुंबईलगतच्या मीरा रोड परिसरातून पश्चिम बंगालचा एक गवंडी पोलिसांनी उचलला, त्याला सीमेवर नेण्यात आले आणि रात्री बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले. बंगाल सरकारने कागदपत्रे पुढे केल्यावर त्याला परत आणावे लागले. असे त्या काळात आणखीही काही मजुरांच्या बाबतीत घडले. तेव्हा अमृतसरच्या बेड्यांवर बोलणारे बहुतेक गप्प होते.

मुंबईला हे नवे नाही. जुलै १९९८ मध्ये युतीच्या राज्यात जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमानांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीत घालण्यात आले, आणि बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमलेल्या लोकांनी गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले. येथेही संशयाला पुरतो तो चेहरा नव्हे तर बोली, लुंगी आणि नाव. येथेही पकडणारा असतो तो ठाण्यातला शिपाई, ज्याला नागरिकत्वाच्या कायद्याचे शिक्षण मिळालेले नसते. अमेरिकेपेक्षा येथे अडचण अधिकच आहे. कारण १९४६ च्या परकीय व्यक्ती कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पकडलेल्यावरच टाकली होती, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ती तशीच ठेवली आहे. जन्माचा दाखला नसलेल्या, पुरात घर वाहून गेलेल्या गवंड्याने ती कशी पार पाडावी?

राज्यघटनेच्या २१ व्या कलमात शब्द आहे तो व्यक्ती, नागरिक नव्हे. हावडा स्थानकावर अत्याचार झालेल्या एका बांगलादेशी स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे निःसंदिग्धपणे सांगितले. अटकेची कारणे कळवणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे २२ व्या कलमाचे संरक्षण प्रतिबंधक स्थानबद्धतेचे कैदी व शत्रुराष्ट्राचे नागरिक वगळता सर्वांना आहे. बांगलादेश हे शत्रुराष्ट्र म्हणून घोषित झालेले नाही. ज्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच नाही आणि थेट सीमेवर नेले, त्याच्या बाबतीत हे कलम मोडले जाते, मग तो मुर्शिदाबादचा असो की राजशाहीचा.

मीरा रोड, गोवंडी, मालवणी, नवी मुंबईतील बांधकामांच्या छावण्या येथे पक्षाच्या शाखा आहेत किंवा असायला हव्यात. एखादा मजूर रात्री उचलला गेला तर सकाळपर्यंत त्याच्या ठाण्यात जाऊन अटकेची नोंद झाली आहे का हे पाहणारा, अटकेची लेखी कारणे मागणारा, त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीला दूरध्वनी करून कागद मागवणारा आणि दंडाधिकाऱ्यापुढे वकील उभा करणारा कार्यकर्ता तेथे आहे काय, याची विचारणा जिल्हा समित्यांनी या महिन्यातच करावी. जेथे नसेल तेथे कामगार संघटनेच्या कचेरीतील एका माणसावर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी आणि त्याचा पत्ता बांधकामांच्या फाटकावर मराठी, हिंदी व बंगाली या तिन्ही भाषांत लावावा.